निम्मा भात, निम्मं लोणी

आमच्या ह्यांचं वजन एकशे नऊ किलो भरलं, त्या दिवशी आमच्या घरात एकदम दोन डॉक्टर जन्माला आले. एक आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दुसरे आमचे भाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ. वन्सं पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकून रिटायर झालेल्या आणि भाऊजींचं टायरचं दुकान. औषधपाण्याशी दोघांचा संबंध इतकाच, की दोघंही अधूनमधून आजारी पडतात. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला डिग्री थोडीच लागते?

हे लिफ्टचे मिस्त्री. नव्या बसवायच्या नाहीत, जुन्या दुरुस्त करायच्या. सव्वीस वर्षं तेच काम. कंपनीत सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली, की आतली माणसं बटणं बडवत बसतात, आणि हे वरच्या मजल्याचं दार किल्लीनं उघडून केबिनच्या छतावर उतरतात. छताला एक चौकोनी झाकण असतं. ते उचलून आधी आत डोकं घालायचं आणि म्हणायचं, "काही नाही, आलोय मी." एकदा आत सात महिन्यांची गरोदर बाई होती. ती ह्यांचा हात धरून तासभर बसली होती. ती गोष्ट हे अजून सांगतात, आणि दर वेळी तासाचे दोन तास होतात.

तर यंदा कंपनीनं नियम काढला. शंभर किलोच्या वर भरेल तो माणूस शाफ्टमध्ये उतरणार नाही. शाफ्ट म्हणजे लिफ्ट वरखाली जाते ती विहीर. का, तर कमरेचा पट्टा तेवढंच वजन पेलतो, आणि झाकणातून जाडा माणूस अडकला तर त्याला काढायला कोण येणार? जो भरेल त्याला सहा महिन्यांची मुदत. तेवढ्यात उतरलं नाही तर तळमजल्यावरच्या तक्रारखोलीत, फोनवर.

"मला फोनवर बसवणार?" हे घरी येऊन म्हणाले. "त्यापेक्षा भंगारात घाला की!" जेवले मात्र पोटभर. दुःखात माणसाला भूक लागत नाही म्हणतात, ते आमच्याकडे कधी लागू पडलं नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. मला ती विहीर कधीच आवडली नाही. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी कंपनीतून फोन आला, विहिरीत उतरलेल्या दोघांपैकी एक जण पडलाय, कोण ते अजून कळलं नाही. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. हातात कुणाचा तरी कोट होता. मी तो कोट हातात धरून चाळीस मिनिटं फोनजवळ उभी होते. पडला तो ह्यांचा जोडीदार होता. वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. कळलं तेव्हा मला आनंद झाला. लाज आता वाटते, तेव्हा वाटली नाही. त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून उठते.

असो. कंपनीच्या दवाखान्यात आहाराच्या एक बाई होत्या. लहानशी खोली, एक पडदा, एक काटा आणि भिंतीवर फळांचं चित्र. वजन झाल्यावर हे पडद्यामागे शर्टाची बटणं लावत होते. पोटावरचं बटण लावायचं म्हणजे श्वास रोखून करायचं काम, त्यात त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे बघा ताई. लो-फॅट करा, म्हणजे तेल, लोणी, साय कमी. नाहीतर लो-कार्ब करा, म्हणजे भात, पाव, बटाटे, साखर कमी. कुठलंही धरलंत तरी वजन उतरतं. जे ह्यांना वर्षभर झेपेल ते धरा. पण एकच धरा. दोन्हींची सरमिसळ केलीत, तर दोन्हीकडचं खाणं पोटात जाईल."

सहा-सात वाक्यं. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात. हे पडदा सारून बाहेर आले आणि म्हणाले, "काय म्हणत होत्या?"

मी म्हटलं, "वजन उतरवा म्हणत होत्या."

रविवारी दरबार भरला. वन्सं आल्या त्या पिशवीत स्वतःचं दूध घेऊन आल्या, साय काढलेलं, निळसर. त्या दुधाकडे बघून मांजरानंही तोंड फिरवलं असतं. वन्सं जन्मापासून काडी. वारा आला तर दाराला धरून उभ्या राहतील. पण ते काडीपण आपण कमावलं, असं त्यांचं ठाम मत. "मी चाळीस वर्षांत लोण्याला बोट लावलं नाही," त्या म्हणाल्या. "चरबी खाल्ली की चरबी होते. साधा हिशेब आहे."

"साधा आणि चुकीचा," भाऊजी म्हणाले. "ताई, ते सगळं जुनं झालं. चरबीनं काही होत नाही. भात! पाव! ते विष आहे विष. मी अकरा किलो उतरवले गेल्या वर्षी."

ते खरं होतं. भाऊजींनी अकरा किलो उतरवले होते आणि त्यातले आठ परत चढवले होते. पण चढलेल्या किलोंबद्दल कुणी भाषण करत नाही. फोनवर व्हिडिओ बघून बघून त्यांना इतकं ज्ञान झालं होतं, की टायर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी विचारत, तुम्ही नाश्त्याला काय खाता?

"अंडी खा, चीज खा, मटण खा," भाऊजी म्हणाले. "पोट भरून खा. फक्त पाव नको."

"हार्ट बंद पडेल त्याचं!" वन्सं ओरडल्या. "दादाला मारायला निघालास का?"

"तू तर उपाशी मारायला निघालीस!"

दोघं नाकानं कांदे सोलत होते आणि मधे हे बसले होते, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, वर्गात उभं केलेल्या मुलासारखे. भावंडांत कुणाला दुखवायचं नाही हा ह्यांचा जन्माचा रोग. लहानपणी दोघांच्या भांडणात स्वतःचं खेळणं मोडून दोघांना वाटून द्यायचे म्हणे. मी भांडी घासत होते. नळ सोडला होता, पण सगळं ऐकू येत होतं.

मग ह्यांनी तोडगा काढला. आणि तो तोडगा लिफ्टच्या मिस्त्रीशिवाय दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून निघालाच नसता.

"ऐका," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम कामावरचा झाला. "लिफ्टच्या एका बाजूला केबिन असते, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजनं. ती वजनं किती ठेवायची? रिकाम्या केबिनएवढी ठेवली तर भरलेली केबिन ओढताना मोटर दमते. भरलेल्या केबिनएवढी ठेवली तर रिकामी केबिन छताला जाऊन आपटेल. म्हणून मधलं धरायचं. रिकामी केबिन, अधिक भाराचा निम्मा. सगळी लिफ्ट त्या निम्म्यावर चालते. जगात कुठंही जा. तसंच हे. निम्मं ताईचं, निम्मं ह्याचं. आपोआप तोल राहील."

वन्संनी मान डोलावली, भाऊजींनीही. दोघांनाही निम्मं मिळालं होतं. मलाही त्या क्षणी बोलता आलं असतं, की अहो, पोट म्हणजे लिफ्ट नव्हे, बाईंनी एकच धरा म्हणून सांगितलंय. मी मूग गिळून गप्प बसले. नळ बंद केला आणि भांडी पालथी घातली.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. सकाळी लो-फॅट, म्हणून पाव. पाव वन्संना चालतो. शिवाय लो-कार्ब, म्हणून लोणी. लोणी भाऊजींना चालतं. मग पावाला लोणी लावलं तर कुणाचं काय गेलं? दुपारच्या डब्यात भात, वन्संच्या नावानं. त्याच्यावर तीन अंडी आणि चीज, भाऊजींच्या नावानं. संध्याकाळी केळी, ती लो-फॅट. मूठभर बदाम, ते लो-कार्ब. रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे, साधे, तेलाचा थेंब नाही, आणि शेजारी मटणाचा रस्सा, त्यात पावाचा तुकडा नाही. "बघ," हे मला म्हणायचे, "बटाट्याला तेल लावलं नाही हं." आधी माणूस एका जेवणात जेवढं खात होता, त्याच्या दीडपट आता पथ्य म्हणून खात होता. वर तोंडावर तपस्व्याचा भाव!

वन्संचा रोज सकाळी फोन यायचा, "पाव खाल्लास ना रे?" आणि दुपारी भाऊजींचा, "लोणी घेतलंस ना दादा?" दोघांनाही हे खरं तेच सांगायचे, हो. एक ना धड भाराभर चिंध्या.

महिन्याभरानं वन्संनी काटा आणून दिला, पायाखाली ठेवायचा, काचेचा. ह्यांनी त्याच्यावर पाय ठेवण्याआधी त्याची परीक्षा घेतली. कंपनीतून वीस-वीस किलोची दोन लोखंडी वजनं आणली, ज्यांनी ते लिफ्टचा भार तपासतात. एक काट्यावर ठेवलं तर काटा दाखवतो एकवीस, सहाशे. त्यावर दुसरं ठेवलं तर बेचाळीस, नऊशे. झालं! "ज्या काट्याला वीसचे वीस कळत नाहीत, तो मला काय सांगणार?" हे म्हणाले, आणि काटा कपाटावर गेला तो गेलाच. तरी माझं डोकं सांगत होतं, की दीड किलो इकडे, दीड किलो तिकडे, माणसाचं वजन वाढतंय की घटतंय एवढं तर कळलं असतं! पण नाही. लोखंडाच्या माणसाला पक्कंच लागतं.

"मग कळायचं कसं?" मी विचारलं.

"पँटवरून," हे म्हणाले. "पँट खोटं बोलत नाही."

पँट. माझ्याच हातातली वस्तू.

दोन महिन्यांनी एका सकाळी युनिफॉर्मची पँट चढवताना हे पलंगाच्या कडेला बसले आणि उठेनात. हुक लागत नव्हता. तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, "धुतल्यावर आटली असेल, द्या इकडे." शिवणीत मागच्या बाजूला कापड दाबून ठेवलेलं असतं, पुढंमागं वाढवायला. मी टाका उसवला, अर्धा इंच सोडलं, पुन्हा शिवलं, इस्त्री मारली. संध्याकाळी त्यांनी घालून बघितली, तर सैल.

"अगं!" हे ओरडले. "बघ, बघ! सकाळी लागत नव्हती ती आटली होती म्हणून. आता बघ, हात जातो आत!" आणि खरंच कमरेत हात घालून दाखवला. इतके खूश झाले, की बहीण-भाऊ दोघांना फोन केला. दोघांनीही आपापला विजय साजरा केला.

ते पहिल्यांदा केलं ते दयेनं. त्यांचं तोंड बघवलं नाही. दुसऱ्यांदा केलं ते कशानं, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा मी त्यांनी न सांगताच केलं. दर धुण्याला थोडं थोडं, कधी पाव इंच, कधी अर्धा, दोन्ही पँटी सारख्या. दाबलेलं कापड संपलं तेव्हा मागं त्याच रंगाच्या कापडाची पट्टी घातली, पट्ट्याखाली झाकली जाईल अशी. आमच्या दुकानात लोक येतात पोट वाढलेलं लपवायला. मी तीस वर्षं तेच करते, हात बसलाय. हे आरशासमोर उभे राहून पँट पुढे ओढून बघायचे आणि म्हणायचे, "तोल जमला की नाही? निम्म्याचीच कमाल." मी म्हणायचे, "हो."

मला काय पाहिजे होतं? मला त्यांना तळमजल्यावर बघायचं होतं. खुर्चीत. जिथून पडलं तरी माणूस जमिनीवरच पडतो. सव्वीस वर्षांत भांडून मागितलं असतं तरी मिळालं नसतं. आता कंपनी स्वतःच देत होती, मला फक्त गप्प बसून वाढायचं होतं. वाढायला काय, वाढतच आलेय.

सहा महिने झाले. वजनाच्या दिवशी हे नवीन ब्लेड लावून दाढी करून गेले. मी सोबत होते. तीच खोली, तोच पडदा. कंपनीचा काटा मात्र पक्का होता, दर वर्षी तपासलेला. ह्यांनी त्यावरचा तपासणीचा शिक्का वाचला, समाधानानं मान हलवली आणि वर चढले.

एकशे तेरा.

हे उतरले. पुन्हा चढले. एकशे तेरा. खिशातली किल्ली काढून ठेवली, घड्याळ काढलं. एकशे तेरा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या फळांकडे बघत होते.

"पण पँट सैल झालीय हो," हे बाईंना म्हणाले. कमरेत हात घालून दाखवला त्यांनाही. मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी पुन्हा दरबार. वन्सं म्हणाल्या, लोण्यानं घात केला. भाऊजी म्हणाले, भातानं. वन्सं म्हणाल्या, पूर्ण माझं ऐकलं असतंस तर आज नव्वदवर असतास. भाऊजी म्हणाले, माझं ऐकलं असतंस तर पंच्याऐंशीवर. गंमत बघा, दोघंही खरं बोलत होते. कुणाही एकाचं ऐकलं असतं तरी माणूस उतरला असता. तेल गेलं, तूप गेलं आणि हाती धुपाटणं आलं, आणि आता धुपाटणं कुणी दिलं यावर ती दोघं भांडत होती. हे मधे बसले होते. भांडण मिटवायला ह्या वेळी त्यांनी काही मोडून दिलं नाही. मोडायला काही उरलं नव्हतं.

सोमवारपासून हे तक्रारखोलीत. तळमजल्यावर, जिन्याखाली, खिडकी नाही. दोन खुर्च्या, दोन फोन. दुसऱ्या खुर्चीत तो जुना जोडीदार, अधू पाय स्टुलावर टाकलेला. मी पहिल्या आठवड्यात एकदा डबा द्यायला गेले होते. त्याच वेळी फोन वाजला. कुठल्या तरी इमारतीत बाई अडकली होती, एकटी. मला पलीकडचं रडणं ऐकू येत होतं.

"ताई, घाबरू नका," हे म्हणाले. आवाज तोच, झाकण उचलून आत डोकं घालताना असायचा तसा. "दार ओढू नका. खाली बसा, पाठ टेकवा. माणूस निघालाय."

फोन ठेवला आणि तसेच बसून राहिले, दोन्ही हात टेबलावर पालथे. नखं स्वच्छ होती. सव्वीस वर्षांत मी त्यांची नखं स्वच्छ बघितली नव्हती. मला रडू आलं, ते मी डब्याचं झाकण लावण्याच्या निमित्तानं गिळलं.

"कोण निघालंय?" मी विचारलं.

"नवीन पोरगा आहे एक," हे म्हणाले. "बारीक आहे."

युनिफॉर्म कंपनीला परत द्यायचा होता. "पँटी धुऊन ठेव," हे म्हणाले. मी धुतल्या, आणि मग दुकानात नेऊन पट्टी काढली, सगळं उसवलं आणि कंबर पुन्हा मूळ मापावर आणली. जुन्या टाक्यांची भोकं कापडात अजून दिसत होती, त्यांच्यावरूनच मशीन चालवलं. बाजूच्या शिवणवाल्या बाईनं विचारलं, कुणाची गं? मी म्हटलं, गिऱ्हाइकाची.

सगळ्यांना मी नावं ठेवली. वन्संना ठेवली, भाऊजींना ठेवली, ह्यांच्या निम्म्याला हसले. पण त्या दोन मूर्खांना आपला भाऊ बारीक व्हायला पाहिजे होता. ह्यांना स्वतःला पाहिजे होतं. सगळ्या घरात शहाणी मी एकटी, आणि त्यांनी हरावं म्हणून झटणारीही मी एकटीच.

आता फोन खूप वाजतो. दिवसातून चार-पाच वेळा हेच तक्रारखोलीतून फोन करतात. काय करतेस, काय केलंयस, ऊन आहे का बाहेर. "काही काम होतं का?" विचारलं तर म्हणतात, "नाही गं, सहज." सव्वीस वर्षांत त्यांनी कधी सहज फोन केला नव्हता.

काल दुपारी केला तेव्हा मी दुकानात मशीनवर होते. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "एक सांगू? सगळ्यांनी मला शिकवलं. ताईनं, ह्यानं, कंपनीनं. तू एकटी कधी एका शब्दानं बोलली नाहीस. मागितलं ते रांधलंस, पँट आटली तर निमूट ठीक करून दिलीस. तू नसतीस तर ते सहा महिने निघाले नसते माझ्याच्यानं."

सुईखाली कापड होतं, ते मी तसंच धरून बसले. सांगायचं तोंडापर्यंत आलं होतं. सगळं, बाईंच्या वाक्यापासून.

"ऐकतेयस ना?" हे म्हणाले.

"ठेवा आता," मी म्हटलं. "कुणीतरी अडकलं असेल, त्याचा फोन लागायचा नाही."